फोनवरची सभा सर्वांची

(साक्षरता वर्गात एका निवृत्त मुख्याध्यापकांनी केलेले भाषण)



तुमच्या वर्गात मी मागे दोनदा आलो होतो. पहिल्या वेळी बँकेची स्लिप कशी भरावी ते सांगितले, दुसऱ्या वेळी सातबारा कसा वाचावा ते. आज विषय निराळा आहे. आज फोनवर भरणाऱ्या सभेबद्दल बोलायचे आहे. तुमच्यापैकी पुष्कळांनी अशी सभा पाहिली आहे. कुणी बचत गटाची, कुणी मुलांच्या शाळेची. फोनच्या काचेवर चौकटी दिसतात, प्रत्येक चौकटीत एकेक तोंड असते, आणि जो बोलेल त्याच्या चौकटीला रंगीत कड येते. कुणी झूम म्हणतात, कुणी गूगल मीट. नावे निराळी, गोष्ट एकच.

या सभेत सगळ्यांना बसता येते का? हा माझा आजचा प्रश्न आहे. तो मला आपणहून सुचला नाही, हे आधीच सांगतो. तो मला विचारला गेला, आणि विचारला तेव्हा माझ्याजवळ उत्तर नव्हते.

२०२१ साली करोनाच्या साथीमुळे गर्दी करायला मनाई होती. त्यामुळे पुष्कळ संस्थांच्या वार्षिक सभा त्या वर्षी फोनवरच झाल्या. मी एका पतसंस्थेचा सभासद आहे. तिचीही सभा तशीच झाली. विषयपत्रिका व्हॉट्सॲपवर आली. छापील कागदाचा फोटो काढून कुणीतरी तो सगळ्यांना पाठवला होता. सातवा विषय होता, आमच्या गावातली शाखा बंद करून तिचे काम तालुक्याच्या शाखेत नेण्याचा.

आता माझा एक जुना विद्यार्थी आहे, त्याच्याबद्दल सांगतो. त्याला जन्मापासून दृष्टी नाही. दुसरीपर्यंत तो माझ्या शाळेत बसत असे, पुढे अंधशाळेत गेला, ब्रेल शिकला, बारावी झाला. आज गावात त्याचे किराणा मालाचे दुकान आहे. मालाला हात लावून तो सांगतो, ही तूरडाळ, ही मूगडाळ. दुकानापासून पतसंस्थेच्या शाखेपर्यंतची वाट त्याच्या पायांना पाठ होती. रोज संध्याकाळी पांढरी काठी घेऊन तो एकटा जाई, दिवसाची रक्कम भरी, पावती खिशात घालून परत येई. कुणाचा हात धरावा लागत नसे. तालुका आमच्या गावापासून चौदा किलोमीटर. एस.टी. दिवसातून चार वेळा. तिथला स्टँड ओलांडून, रस्ता ओलांडून, दोन जिने चढून शाखा. म्हणजे तो सातवा विषय इतरांना गैरसोयीचा होता, पण त्याच्या तर रोजच्या स्वतंत्र चालण्याचाच होता.

तो सभेला हजर होता. फोन त्याला बोलून सगळे सांगतो, ते कसे हे मी पुढे सांगेनच. पण सभेत झाले ते असे. गोंधळ नको म्हणून सगळ्यांचे आवाज बंद केलेले होते. शाखेच्या खर्चाचा तक्ता काचेवर दाखवला गेला आणि चालवणारे गृहस्थ म्हणाले, “आकडे समोर दिसतच आहेत, वाचण्यात वेळ घालवत नाही.” मग म्हणाले, “कुणाची हरकत असेल तर हाताचे बटण दाबा, नाहीतर खाली मंजूर असे लिहा.” झाले! लोक भराभर मंजूर, मंजूर लिहू लागले. आणि इकडे त्याचा फोन त्याला एकेक ‘मंजूर’ वाचून दाखवू लागला. अमक्याचा निरोप, मंजूर. तमक्याचा निरोप, मंजूर. त्या गलक्यात हाताचे बटण शोधता शोधता पुढचा विषय सुरू झाला. ठराव मंजूर.

आणि मंडळी, त्या ‘मंजूर’ लिहिणाऱ्यांत मीही होतो. मला तालुक्याला जायला मुलाची मोटारसायकल आहे. माझे काही अडत नव्हते. म्हणून मी जास्त विचार केला नाही.

दोन दिवसांनी तो घरी आला. ओट्यावर बसला. चहा घेतला. मग म्हणाला, “गुरुजी, ठराव एकमताने झाला असं लिहिलंय म्हणे. त्या एकमतात मी कुठं होतो?”

मी म्हणालो, “अरे, मग तू बोलायचं होतंस.” शिक्षकाची सवय, चूक आधी पोराची काढायची.

तो काही बोलला नाही. त्याने खिशातून फोन काढला, भाच्याला सांगून एक खोटी सभा सुरू करवली आणि फोन माझ्या हातात दिला. म्हणाला, “डोळे मिटा आणि हात वर करून दाखवा.” मी डोळे मिटले. फोन बोलत होता, मी बोट सरकवत होतो. पाच मिनिटे गेली, दहा गेली. शेवटी एक बटण सापडले, जोरात दोनदा टिचकी मारली, आणि फोन म्हणाला की तुम्ही सभेतून बाहेर पडला आहात. माझी नातवंडे हसली, तोही हसला. मला मात्र हसू आले नाही. एकतीस वर्षे मास्तरकी केली, आणि हात वर कसा करायचा ते मला येईना!

त्या दिवसापासून मी हा विषय त्याच्याकडून शिकतो आहे. आज तुम्हांला जे सांगतो ते बरेचसे त्यानेच सांगितलेले आहे.

आधी फोन कसा बोलतो ते बघू. तुमच्या-आमच्या हातात जे साधे अँड्रॉइड फोन असतात, त्यांतल्या बहुतेकांत ‘टॉकबॅक’ नावाची सोय मुळातच असते. ॲपलच्या फोनमध्ये तिला ‘व्हॉइसओव्हर’ म्हणतात. ती सुरू केली की काचेवर जिथे बोट लागेल तिथे काय लिहिले आहे ते फोन मोठ्याने वाचतो. मराठीतही वाचतो. एक बोट उजवीकडे सरकवले की पुढची वस्तू, डावीकडे सरकवले की मागची. हवी ती वस्तू ऐकू आली की काचेवर कुठेही दोनदा टिचकी मारायची, म्हणजे ते बटण दाबले गेले. टॉकबॅकमध्ये पान वर-खाली करायला दोन बोटे लागतात. घरी गंमत म्हणून कुणी ते चालू करून बघाल, तर बंद कसे करायचे ते आधी विचारून घ्या. कारण ते चालू झाले की नेहमीची एक टिचकी चालत नाही. आमच्या आळीतल्या एका गृहस्थांचे ते चुकून चालू झाले होते. ते फोन दुरुस्तीला घेऊन गेले, म्हणाले की फोनला भूत लागले आहे.

आता खरी गोम ऐका. फोन वाचतो ते लिहिलेले असते म्हणून वाचतो. बटणावर नुसते चित्र असेल आणि त्या चित्राला आतून नाव दिलेले नसेल, तर बिचारा फोन काय वाचणार? तो पुष्कळदा एवढेच म्हणतो की इथे एक बटण आहे. कसले, ते सांगत नाही. माझी बायको म्हणाली, “म्हणजे चिठ्ठी न लावलेले डबे.” अगदी बरोबर. मांडणीवर वीस डबे आहेत, सगळे सारख्या आकाराचे, आणि एकाच डब्यात मीठ आहे. डोळस माणूस झाकण उघडून बघेल. सभेत झाकण उघडून बघायला वेळ नसतो. त्यात एखादे बटण सभेतून बाहेर काढणारे असते, एखादे तुमचा कॅमेरा सुरू करणारे. डबे चुकीचे उघडून चालत नाही.

बटणाला नाव देणे हे काम मोठे नाही. जो माणूस हे सॉफ्टवेअर तयार करतो, त्याने प्रत्येक बटणामागे दोन शब्द लिहायचे. पण ज्याला रोज दिसते, त्याच्या ते ध्यानात येत नाही. झूम काय, गूगल मीट काय, मायक्रोसॉफ्ट टीम्स काय, या मोठ्या सभांच्या बटणांना आता नावे आहेत. त्यांचे चाहूल-बटण, हात-बटण, आवाज-बटण फोन वाचू शकतो. तरी माझा विद्यार्थी सांगतो की नवी आवृत्ती आली की जीव धास्तावतो. काल जे बटण तिसऱ्या जागी होते, ते आज ‘अधिक’ या नावाच्या पेटीत जाऊन बसते. तुम्हांला पेटी दिसते. त्याला ती पुन्हा चाचपून शोधावी लागते. घरातली बाज रोज कुणी हलवून ठेवली तर काय होईल, तसेच हे.

संगणकावर हेच काम करणारी निराळी सॉफ्टवेअर आहेत. त्यांतल्या एकाची हकिकत मला फार आवडते. फार पूर्वीपासून संगणकाला बोलते करणारी चांगली सॉफ्टवेअर होती, पण ती महाग. संगणकाच्या किमतीइतकीच त्यांची किंमत. ऑस्ट्रेलियात मायकेल करन आणि जेम्स टेह असे दोन दृष्टिहीन तरुण होते. लहानपणी संगीताच्या एका शिबिरात त्यांची ओळख झाली होती. दोघांनाही संगणकाचे वेड. डोळस माणसाला जे फुकट दिसते ते ऐकायला अंधाने पैसे का मोजावेत, असा त्यांचा सवाल. २००६ साली करनने ‘एन.व्ही.डी.ए.’ नावाचे सॉफ्टवेअर लिहायला घेतले, टेह त्याला येऊन मिळाला. ते आजही विनामूल्य मिळते. त्यात मराठी आवाजही आहे. आवाज जरा यंत्रासारखा, पण शब्द कळतात. सभेच्या वेळी उंदीर, म्हणजे माऊस, हातात धरावाच लागत नाही. झूममध्ये संगणकाच्या कीबोर्डवर ‘आल्ट’ आणि ‘ए’ ही दोन बटणे एकदम दाबली की आपला आवाज चालू किंवा बंद होतो. ‘आल्ट’ आणि ‘वाय’ दाबली की हात वर. गूगल मीटमध्ये ‘कंट्रोल’ आणि ‘डी’ दाबली की आवाज चालू-बंद. ज्यांचे हात थरथरतात, ज्यांना बारीक बटणावर बोट नेता येत नाही, त्यांनाही याचा उपयोग. माझ्या विद्यार्थ्याजवळ त्या दिवशी संगणक असता, तर हात कदाचित वर झालाही असता.

पण त्या तक्त्याचे काय? हे नीट समजून घ्या, कारण इथे चूक सॉफ्टवेअरची नाही, आपली आहे. सभेत जेव्हा कुणी आपला कागद काचेवर सगळ्यांना दाखवतो, तेव्हा पलीकडे पोचतो तो कागद नव्हे. पोचते ते कागदाचे हलते चित्र. तुमच्या फोनला त्यात अक्षरे आहेत हे सहसा कळत नाही, जसे आरशातल्या फुलाला वास नसतो. बोलणारा फोन तिथे बहुधा मुका होतो. फोटो काढून पाठवलेल्या विषयपत्रिकेचेही तेच. डोळस माणसाला वाटते, मी तर पाठवली. पण तो फोटो होता. त्याऐवजी तोच मजकूर साधा टाइप करून पाठवला असता, तर त्याने तो आदल्या रात्री तीनदा ऐकून ठेवला असता आणि सभेत माझ्यापेक्षा तयार होऊन बसला असता.

म्हणून मी म्हणतो, कागद आधी पाठवा, टाइप करून पाठवा, आणि दाखवताना तोंडाने वाचा. “समोर दिसतच आहे” हे वाक्य सभेत उच्चारू नये. बोलण्याआधी आपले नावही सांगावे. चौकटीची रंगीत कड ज्याला दिसत नाही, त्याला कोण बोलतो ते कसे कळणार? आणि दुसऱ्याचे बोलणे चालू असताना खालच्या रकान्यात निरोप लिहीत सुटू नये. त्याच्या एका कानात दोन माणसे बोलू लागतात, एक सभेतले आणि एक फोनमधले. झूमच्या संगणकावरच्या सेटिंगमध्ये कोणत्या सूचना वाचायच्या आणि कोणत्या नाहीत ते निवडता येते. पण लोकांनी थोडा दम धरला तर त्याचीही गरज पडत नाही.

आता दुसरी मंडळी. ज्यांना ऐकू येत नाही किंवा कमी ऐकू येते. यांत मी स्वतः येतो. माझा डावा कान गेली चार वर्षे रजेवर आहे. फोनवरच्या सभेत आवाज फाटतो, नेटवर्क जाते, वाक्याचे शेपूट तुटते. तिघे एकदम बोलले की माझ्यासाठी सभा संपली. मी मान डोलवत बसतो.

यावर उपाय निघाला तो अक्षरांचा. बोललेले शब्द काचेच्या खालच्या बाजूला उमटत जातात. त्याला कॅप्शन म्हणतात. झूममध्ये पूर्वी यंत्राने उमटणाऱ्या या अक्षरांसाठी जास्तीचे पैसे मोजावे लागत. बहिऱ्या लोकांनी पुष्कळ आवाज उठवला. (बहिऱ्यांनी आवाज उठवला, हे वाक्य मी मुद्दामच तसे बोललो.) शेवटी २०२१ साली ती सोय सर्वांना फुकट झाली. आधी ती इंग्रजीपुरती होती. मराठीसाठी एक युक्ती सांगतो. अँड्रॉइड फोनवर ‘लाइव्ह ट्रान्स्क्राइब’ नावाची सोय आहे, २०१९ साली निघालेली. अमेरिकेत बहिऱ्यांसाठी गॅलोडेट नावाचे विद्यापीठ आहे, तिथल्या लोकांच्या मदतीने ती तयार झाली, आणि तयार करणाऱ्यांतले एक शास्त्रज्ञ स्वतः बहिरे आहेत. तिला मराठी कळते. मी काय करतो, एका फोनवर सभा लावतो, त्याचा आवाज मोठा करतो, आणि घरातला दुसरा फोन त्याच्याशेजारी ठेवून त्यावर ही अक्षरे वाचतो. दोन फोन लागतात हे खरे, पण सूनबाई तेवढ्यापुरता देते.

मात्र यंत्राच्या अक्षरांवर डोळे मिटून विश्वास टाकू नका. एकदा ‘मुद्दल’ म्हटले तर ‘मुद्दाम’ उमटले, आणि ‘ठेवीदार’चे ‘ठेवी दार’ झाले. गावाकडचा हेल, मागे ओरडणारी कोंबडी, तोंडातली सुपारी, यंत्राला काहीच खपत नाही. म्हणून जिथे पैशाचा, जमिनीचा, औषधाचा विषय असेल, तिथे आकडा बोलून शिवाय लिहूनही दिला पाहिजे.

आणि अक्षरांनी सगळ्यांचे भागते असेही नाही. जन्मापासून ज्यांना ऐकू येत नाही, त्यांतल्या पुष्कळांची पहिली भाषा मराठी नसते. त्यांची भाषा हातांची असते. भारतीय सांकेतिक भाषा. ती म्हणजे मराठीचे नुसते हातवारे नव्हेत. तिला तिचे व्याकरण आहे. प्रश्न विचारताना ‘काय’, ‘कुठे’, ‘कोण’ हे शब्द त्या भाषेत वाक्याच्या शेवटी येतात. या भाषेचे संशोधन आणि शिक्षण यांसाठी केंद्र सरकारने २०१५ साली दिल्लीत एक संस्था काढली. तिने या भाषेचा शब्दकोशही केला आहे. फोनवरच्या सभेत दुभाषी बसवता येतो. पण झाले काय, की बोलणाऱ्याची चौकट आपोआप मोठी होते आणि दुभाषी गप्प असल्यामुळे त्याची चौकट बारीक होते, कधी कधी पानाआड जाते. ज्याच्या हातांकडे बघायचे, तोच दिसेनासा! सभा चालवणाऱ्याने ती चौकट सगळ्यांपुढे ठळक ठेवावी, अशी सोय झूममध्ये आहे, आणि दुभाष्यासाठी खास जागाही नंतर आली. ती वापरायची आठवण मात्र ठेवावी लागते.

ओठ बघून समजून घेणारेही असतात. त्यांच्यासाठी खर्च काही नाही. खिडकीकडे पाठ करून बसू नका. पाठीमागून उजेड आला की तुमचे तोंड तव्यासारखे काळे दिसते. उजेड तोंडावर घ्या, तोंडावरचा हात काढा.

हे सगळे ऐकून कुणी म्हणेल, गुरुजी, मग ही फोनवरची सभा नकोच. नाही, मंडळी, तसे अजिबात म्हणू नका. आमच्याच गावात एक बाई आहेत, पोलिओमुळे लहानपणीच पाय गेले. चाकाच्या खुर्चीत असतात. ग्रामपंचायतीचे सभागृह पहिल्या मजल्यावर. कितीतरी वर्षे त्यांनी तिथली एकही सभा पाहिली नव्हती. चार माणसांनी उचलून न्यायचे, हे त्यांना नको असे. फोनवरची सभा आली आणि त्या पहिल्यांदा बसल्या, बोलल्या, नळाच्या पाण्याबद्दल भांडल्यासुद्धा. त्यांच्यासाठी ही काच म्हणजे दार उघडल्यासारखे झाले.

आणि इथे मला एक गोष्ट खटकते, ती बोलून टाकतो. अपंग लोक वर्षानुवर्षे विनवीत होते, आम्हांला घरून काम करू द्या, घरून शिकू द्या, घरून सभेला बसू द्या. त्यांना सांगितले जाई, ते शक्य नाही, नियमात बसत नाही. मग २०२० च्या मार्चमध्ये साथ आली. धडधाकट माणसांना घरात बसावे लागले. आणि जे शक्य नव्हते ते काही आठवड्यांत शक्य झाले. शाळा, कचेऱ्या, न्यायालये, सगळे काचेवर. याचा राग यायला पाहिजे. मला येतो. आता साथ गेली आणि पुष्कळ ठिकाणी सभा पुन्हा माडीवर गेल्या. त्या बाई पुन्हा घरात. दोन्ही चालू ठेवावे, माडीवरही बसावे आणि फोनवरही घ्यावे, एवढे साधे आहे.

ही माणसे थोडी नाहीत. २०११ च्या जनगणनेत देशात अपंग व्यक्ती २ कोटी ६८ लाख मोजल्या गेल्या. एकट्या महाराष्ट्रात २९ लाखांवर. त्या मोजणीत अपंगत्वाचे आठ प्रकार धरले होते. २०१६ साली दिव्यांगांच्या हक्कांचा नवा कायदा झाला, त्यात एकवीस प्रकार आहेत. १९९५ च्या जुन्या कायद्यात सातच होते. नव्या कायद्याचे बेचाळिसावे कलम माहिती आणि दळणवळणाच्या साधनांबद्दल आहे. ती साधने दिव्यांगांना वापरता आली पाहिजेत, यासाठी पावले उचलणे ही सरकारची जबाबदारी आहे, असे ते सांगते.

आणि अलीकडचा एक निकाल सांगतो. काही स्त्रिया होत्या, त्यांच्या तोंडावर कुणी ॲसिड फेकले होते. डोळ्यांना इजा झालेली. बँकेचे खाते काढायला किंवा सिम कार्ड घ्यायला फोनच्या कॅमेऱ्यापुढे डोळ्यांची उघडझाप करून दाखवावी लागते, म्हणजे समोर जिवंत माणूस आहे हे यंत्राला पटते. ज्यांना पापणी मिटताच येत नाही, त्यांनी काय करायचे? त्या न्यायालयात गेल्या. दृष्टी नसलेले एक वकीलही गेले, त्यांना वेगळ्या अडचणी होत्या. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. संगणक-फोनवरच्या सेवा वापरता येणे हा घटनेच्या एकविसाव्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे न्यायालयाने म्हटले, आणि सरकारला वीस सूचना दिल्या. हे तुम्ही लक्षात ठेवा. कुठे अर्ज लिहायची वेळ आली तर ही तारीख अर्जात लिहा. तारीख लिहिलेला अर्ज कचेरीत जरा वेगळ्या नजरेने वाचला जातो, हा माझा अनुभव आहे.

अर्ज मीही लिहिला. त्या सभेनंतर, पतसंस्थेला. त्यात लिहिले की सातव्या विषयावर एका सभासदाला हरकत घेता आली नाही, आणि मी दिलेली मंजुरी मी परत घेतो. त्याने अर्जावर अंगठा नाही, सही केली. कागदावर जिथे सही करायची तिथे मी पट्टी धरली, त्याने पट्टीच्या कडेने नाव लिहिले. उत्तर यायला तीन महिने लागले. ठराव फिरला नाही. शाखा बंद झाली ती झालीच. हे मी तुमच्यापासून लपवत नाही. मात्र पुढच्या वर्षापासून विषयपत्रिका टाइप करून येऊ लागली. आणि मतासाठी आता ‘खाली लिहा’ असे म्हणत नाहीत, एकेकाचे नाव पुकारतात, आणि ज्याचे त्याने तोंडाने सांगायचे. वेळ लागतो. चाळीस माणसांना दहा मिनिटे. कुणी कुरकुर करते. त्याचे नाव पुकारले जाते तेव्हा तो इतक्या मोठ्याने बोलतो की मला माझ्या डाव्या कानानेही ऐकू येते.

दुकानाची रक्कम तो आता फोनवरूनच भरतो. चालते, म्हणतो. पण संध्याकाळचे ते चालणे गेले, आणि वाटेत भेटणारी माणसे गेली.

आता माझे बोलणे पुरे. पुढच्या गुरुवारी याच वेळी आपण या वर्गाची सभा फोनवर भरवणार आहोत. तो स्वतः ती चालवणार आहे, दुकानात बसून. तुमच्या मास्तरीणबाई सगळ्यांना लिंक पाठवतील. विषय तीन आहेत, ते त्या आज फळ्यावर लिहून देतील, ते वहीत उतरवून घ्या आणि घरी मोठ्याने वाचून या. ज्यांच्या फोनमध्ये टॉकबॅक आहे त्यांनी बुधवारी संध्याकाळी इथे यावे, चालू-बंद कसे करायचे ते मी दाखवीन. सभेच्या शेवटच्या दहा मिनिटांत प्रत्येकाने डोळे मिटून हात वर करायचा आहे. मागच्या बाकावरच्या काकांनी चष्मा काढून ठेवला तरी चालेल, पण फोन पुरता चार्ज करून आणावा. आणि कुणी माझ्यासारखे सभेतून बाहेर पडलेच, तर घाबरू नका, लिंक पुन्हा दाबायची.